घरामागच्या तरण तलावाचे कुंपण : सोलापुरात पहिल्यांदाच तलाव बसवणाऱ्यांसाठी

एप्रिल उजाडून पारा चाळिशीच्या पुढे सरकला की जुळे सोलापूर, होटगी रस्ता आणि विजापूर रस्त्यावरील नव्या बंगल्यांच्या मागच्या अंगणांत निळे गोल तलाव दिसू लागतात. लोखंडी पाइपांचा सांगाडा, त्यात ताणून बसवलेले जाड पीव्हीसी कापड, शेजारी छोटा पंप आणि वर चढायला शिडी, एवढ्या सामानावर हा तलाव खड्डा न खणता दोन-तीन तासांत उभा राहतो. त्यामुळे घेणाऱ्याला ते बांधकाम वाटतच नाही, एक मोठा टब वाटतो आणि टबाला कोणी कुंपण घालत नाही. प्रत्यक्षात १५ फूट व्यासाच्या आणि ४ फूट उंचीच्या तलावात सोळा-सतरा हजार लिटर पाणी मावते, म्हणजे दहा हजारांचा टँकर दीड वेळा रिकामा केला तरी तो पुरता भरत नाही. त्यातील पाण्याची पातळी साधारण साडेतीन फूट असते आणि तीन वर्षांच्या मुलाची उंची जेमतेम तीन फूट. हा लेख त्या पाण्याभोवतीच्या कुंपणापुरताच आहे. पाण्याची शुद्धता, क्लोरीन आणि गाळणी हे विषय येथे घेतलेले नाहीत.

आधी नियम कोणते, हे पाहावे

तलावाच्या कुंपणाविषयी शोध घेतला की हाती येणारी बहुतेक माहिती अमेरिका किंवा ऑस्ट्रेलियातील असते. तिकडे हा विषय कायद्याने बांधलेला आहे. ऑस्ट्रेलियात ३० सेंटिमीटरपेक्षा अधिक खोल पाणी धरू शकणाऱ्या घरगुती तलावाला कुंपण सक्तीचे आहे, मग तो तलाव जमिनीत खणलेला असो वा जमिनीवर मांडलेला. अमेरिकेत प्रत्येक शहर किंवा परगणा आपापला नियम करतो. मात्र त्यांतील बऱ्याच नियमांचा पाया एकाच आदर्श संहितेत (शहरांनी उचलावा अशा नमुना नियमसंग्रहात) आहे आणि तिथे २४ इंचांहून खोल पाण्याला अडथळा हवा, असे धरले जाते. आपल्याकडे केवळ घरगुती तलावाच्या कुंपणासाठी असा स्वतंत्र कायदा नाही. मात्र तलाव घरात आणल्यावर चार वेगवेगळ्या ठिकाणचे नियम आपल्याला येऊन भिडतात, ते माहीत असावेत.

पहिला नियम बांधकामाचा. सोलापूर महानगरपालिकेच्या हद्दीत राज्याची एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली, म्हणजे बांधकाम व्यवसायात सगळे जिला ‘यूडीसीपीआर’ म्हणतात ती, डिसेंबर २०२० पासून लागू आहे. तिच्यानुसार हद्दीवरची संरक्षक भिंत समोरच्या रस्त्याच्या मध्यरेषेपासून १.५ मीटर उंचीपर्यंत बांधता येते, वरचा ०.९ मीटरचा भाग जाळीदार किंवा गजांचा, आरपार दिसणारा ठेवल्यास २.४ मीटरपर्यंत जाता येते. कोपऱ्यावरच्या प्लॉटला याहून कडक मर्यादा आहे, कारण वळणावरच्या वाहनचालकाला पलीकडचे दिसले पाहिजे. तलावाभोवती आपण जे कुंपण घालणार आहोत ते चार ते पाच फुटांचे, म्हणजे १.२ ते १.५ मीटरचे असल्याने या मर्यादेत सहज बसते.

याच नियमावलीत ‘आच्छादित क्षेत्रा’च्या व्याख्येतून वरून न झाकलेला तरण तलाव वगळलेला आहे. म्हणून उघडा तलाव ठेवणे ही एक गोष्ट आणि त्यावर पत्र्याचे शेड टाकणे ही अगदी वेगळी गोष्ट, हे लक्षात घ्यावे. उन्हासाठी शेड टाकायचा मोह सोलापुरात होणे साहजिक आहे. पण शेड टाकले की ते बांधकामात मोजले जाण्याचा प्रश्न उभा राहतो. तसेच घर आणि हद्द यांच्यामध्ये सोडलेली सामासिक अंतरे कुंपण घालून अडवू नयेत, कारण आगीच्या वेळी माणसे आणि पाण्याचे पाइप त्याच वाटेने आत येतात.

दुसरी बाब जमिनीच्या कागदांची. प्लॉट महानगरपालिकेच्या हद्दीबाहेरच्या गावात असेल तर सातबाऱ्यावर जमीन बिनशेती झालेली आहे का, की प्लॉट गुंठेवारीत घेतलेला आहे, हे आधी तपासावे. कुंपणाची एखादी बाजू शेजाऱ्याच्या हद्दीला लागून जाणार असेल तर भूमी अभिलेख कार्यालयाचा मोजणी नकाशा हातात असल्याशिवाय खांब रोवू नयेत. बांधावरून भाऊबंदकी उभी राहायला आपल्या जिल्ह्यात वीतभर जमीनही पुरते.

तिसरी बाब फौजदारी कायद्याची. कुंपण घालाच, असे सांगणारे कलम नसले तरी निष्काळजीपणाने कोणाचा मृत्यू घडला तर भारतीय न्याय संहितेचे कलम १०६(१) आहे आणि त्यात पाच वर्षांपर्यंतच्या कारावासाची तरतूद आहे. शेजारचे मूल आत येऊन पडले तर ‘ते आमच्या आवारात न विचारता आले’ या उत्तराच्या भरवशावर कोणी राहू नये. सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली कूपनलिकांबाबत दिलेल्या निर्देशांत खोदकाम चालू असताना भोवती तारेचे कुंपण किंवा तसाच अडथळा आणि सूचनाफलक सक्तीचा केला. धोका ज्याने निर्माण केला, अडथळाही त्यानेच उभारायचा, हे तत्त्व त्यातून स्पष्ट होते.

चौथा नियम आपल्या सोसायटीचा किंवा लेआउटचा, तो ज्याचा त्याने पाहावा. हे सगळे पाहून झाल्यावर प्लॉटचा साधा आराखडा काढावा, त्यात घर, तलाव, कुंपण आणि फाटक दाखवावे आणि मंजूर नकाशाची प्रत जोडून महानगरपालिकेच्या बांधकाम परवानगी विभागाकडे किंवा ग्रामपंचायतीकडे लेखी विचारणा करावी. अर्जाच्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्यायला विसरू नये. तोंडी मिळालेले ‘काही लागत नाही, टाका’ हे उत्तर पुढे कोणालाच आठवत नाही.

जागा निवडणे

हा तलाव गच्चीवर ठेवू नये. भारतीय मानकाप्रमाणे ये-जा असलेल्या गच्चीचा स्लॅब चौरस मीटरला साधारण दीडशे किलो चलभार (माणसे आणि सामानाचा भार) धरून आखतात. साडेतीन फूट पाणी म्हणजे चौरस मीटरला हजार किलोच्या पुढे. अंगणातही हद्दीच्या भिंतीला चिकटवून तलाव मांडू नये. सांगाड्याचा एखादा जोड सुटला तर सोळा-सतरा टन पाणी एकाच बाजूला धावते आणि चार इंची विटांची भिंत त्या लोटापुढे टिकत नाही.

स्वयंपाकघराच्या किंवा बैठकीच्या खिडकीतून थेट दिसेल अशी जागा सर्वांत चांगली. नजरेआड, जनावरांच्या गोठ्यामागे किंवा जिन्याखाली तलाव ठेवला तर कुंपण कितीही मजबूत असले तरी आत काय चालले आहे ते कळत नाही. बुडणारे मूल ओरडत नाही, हातपायही फारसे आपटत नाही. पलीकडच्या खोलीतल्या माणसाला काही ऐकू येईल, ही अपेक्षाच चुकीची आहे.

तलावाची भिंत हेच कुंपण धरावे का

पहिल्यांदा तलाव घेणारा हा प्रश्न हमखास विचारतो. अमेरिकी संहितेप्रमाणे तलावाची भिंत बाहेरच्या जमिनीपासून सर्व बाजूंनी किमान ४८ इंच, म्हणजे चार फूट उंच असेल तर तीच अडथळा म्हणून चालते. अट अशी की शिडी काढून ठेवता आली पाहिजे किंवा कुलूप लावून बंद करता आली पाहिजे आणि शिडीच्या जागी उरणाऱ्या फटीतून चार इंचांचा चेंडू जाता कामा नये. अडीच-तीन फुटी तलावाला ही सवलत मिळूच शकत नाही.

सोलापुरात मात्र चार फुटी तलावालाही ही सवलत घेऊ नये, असे माझे मत आहे. एक तर आपल्या अंगणातली जमीन क्वचितच सपाट असते; एका बाजूला भर घातलेली असली की तिथे भिंतीची उंची सव्वातीन फूटच भरते. दुसरे म्हणजे बाजारात मिळणाऱ्या तलावांच्या सांगाड्याला बाहेरच्या बाजूने तिरपे पाय असतात आणि त्यांच्यावर पाय देऊन चढणे मुलांना अवघड नाही. शिवाय शिडी काढून ठेवण्याचा नियम पहिल्या आठवड्यात पाळला जातो, दुसऱ्या आठवड्यात ‘संध्याकाळी पुन्हा उतरायचेच आहे’ म्हणून ती तिथेच राहते.

चारी बाजू, आणि त्या फक्त तलावाच्या

आमच्याकडची सर्वांत मोठी चूक येथे होते. प्लॉटला आधीच तीन बाजूंनी कंपाउंड वॉल असते, चौथ्या बाजूला घर असते. मालक समाधानाने म्हणतो की तलाव बंदिस्तच आहे. रस्त्यावरच्या मुलापासून तो बंदिस्त आहे हे खरे, पण घरातल्या मुलासाठी परसदार हेच तलावाचे फाटक झालेले असते. हे दार उन्हाळ्यात वारा यावा म्हणून दिवसभर उघडे राहते. धुण्या-भांड्याच्या मावशी त्यातून ये-जा करतात, वाळवणाच्या कुरडया त्यातूनच बाहेर जातात. सुट्टीला आलेली भाचरे अंगणात कधी गेली, हे अशा घरात कोणालाच सांगता येत नाही. म्हणून कुंपण घराला वगळून तलावाच्या चारही बाजूंनी स्वतंत्र असावे. जागेअभावी घराची भिंत ही एक बाजू धरावीच लागली, तर त्या भिंतीतील दाराला आपोआप बंद होणारी यंत्रणा आणि मोठ्या माणसाच्या खांद्याच्या उंचीवर कडी असलीच पाहिजे. त्या बाजूच्या खिडक्यांना उघडणारे गज नसावेत.

मापे, आणि फॅब्रिकेटरला काय सांगावे

फॅब्रिकेशनच्या दुकानात जाऊन नुसते ‘तलावाला जाळी मारायची आहे’ म्हटले तर ते दोन इंची चौकड्यांची चेनलिंक जाळी आणि वर काटेरी तारेचा फेरा सुचवतील, कारण शेताला आणि प्लॉटला ते हेच करतात. दोन्ही गोष्टी येथे नकोत. दोन इंची चौकडीत लहान मुलाच्या पायाची बोटे नेमकी बसतात. अमेरिकी संहितेत जाळीचे छिद्र पावणेदोन इंचांहून मोठे नसावे असे म्हटले आहे, ते याच कारणाने. काटेरी तार मुलाला अडवत नाही, फक्त जखम करते. झटका मशीनचा, म्हणजे तारेत वीज सोडणाऱ्या यंत्राचा, तर विचारही करू नये.

उभ्या गजांचे कुंपण सर्वांत योग्य. त्यासाठी पुढील मापे कागदावर लिहून द्यावीत. बाहेरच्या जमिनीपासून उंची किमान ४ फूट, शक्य असल्यास ५ फूट. दोन गजांमधील मोकळी जागा ४ इंचांपेक्षा कमी; सांगताना साडेतीन इंच सांगावी, म्हणजे वेल्डिंगची चूक धरूनही माप हाताबाहेर जात नाही. आडव्या पट्ट्या दोनच, एक अगदी खाली आणि एक अगदी वर, आणि त्यांच्यामध्ये किमान ४५ इंच अंतर. कारागीर मजबुतीसाठी किंवा ‘डिझाइन’ म्हणून मध्ये एक पट्टी किंवा फुलांची नक्षी घालतोच. ती पट्टी म्हणजे मुलासाठी शिडीची पायरी आहे, हे त्याला एकदा समजावून सांगावे. मजबुती हवी असेल तर गज जाड घ्यावा आणि खांबांमधील अंतर सहा फुटांवर आणावे.

खाजगीपणासाठी कुंपणाला हिरवी शेडनेट गुंडाळण्याची पद्धत अलीकडे फार दिसते. तिच्यामुळे खिडकीतून तलाव दिसेनासा होतो, म्हणजे जागा निवडताना घेतलेली काळजी वाया जाते.

काळी माती

परदेशी मार्गदर्शिकांत न सापडणारी आणि सोलापुरात कुंपणाचा सर्वाधिक घात करणारी गोष्ट म्हणजे आपली काळी माती. ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला बोटभर रुंद भेगा पडतात. माझ्या स्वतःच्या आवारात पहिल्या वर्षी खांब दीड फूट खोल गाडले होते आणि खड्ड्यांत दगड ठेचून वर थोडा माल ओतला होता. जानेवारीत उभे केलेले फाटक ‘टक्’ असा आवाज करून लागत होते. मेच्या दुसऱ्या आठवड्यात बिजागरीकडचा खांब अंगठाभर कलला आणि कडीची जीभ खाचेच्या खाली, पत्र्यावर टेकू लागली. फाटक लोटल्यावर बंद झालेले दिसे, पण अडकलेले नसे. घरातल्या कोणाच्याही हे लक्षात आले नाही. मांजराने डोके लावून ते उघडले तेव्हा समजले.

म्हणून खांबाचा खड्डा मुरूम लागेपर्यंत खणावा. मुरूम खोल असेल तर निदान अडीच फूट खणून पूर्ण उंचीपर्यंत काँक्रीट भरावे. फाटकाचे दोन खांब इतरांपेक्षा जाड घ्यावेत आणि त्यांच्या पायथ्याखालून, जमिनीच्या आत, एक काँक्रीटची पट्टी नेऊन ते एकमेकांना जोडावेत, म्हणजे कलले तरी दोन्ही बरोबर कलतात.

कुंपणाखालची फटही याच मातीमुळे बदलते. संहितेत माती किंवा गवतावर ही फट २ इंचांपर्यंत आणि काँक्रीटसारख्या पक्क्या जमिनीवर ४ इंचांपर्यंत चालते, असा भेद केलेला आहे; मऊ जमीन उकरता येते, पक्की येत नाही, हे त्यामागचे साधे कारण. आपल्याकडे कुत्री सावलीसाठी आणि पाण्याच्या वासाने कुंपणाखाली उकरतात, ती वेगळीच. कुंपणाच्या रेषेखाली फूटभर रुंदीचा कोबा करावा किंवा शहाबादी फरशी सिमेंटमध्ये बसवावी. खर्च फार नाही आणि फट वर्षभर तीच राहते.

फाटक

कुंपणात फाटक एकच ठेवावे. ते तलावाच्या उलट दिशेने, म्हणजे बाहेर उघडले पाहिजे. मूल ढकलून पाहते, ओढून क्वचितच पाहते. स्प्रिंगची बिजागरी लावून ते आपोआप मिटले पाहिजे आणि मिटल्यावर कडी आपोआप पडली पाहिजे. दुकानात मिळणारी साधी सरकती कडी येथे निरुपयोगी आहे, कारण ती कोणीतरी आठवणीने लावावी लागते.

कडी जमिनीपासून ५४ इंचांवर, म्हणजे साडेचार फुटांवर असावी, असे अमेरिकी माप आहे. फाटक चार फुटी असेल तर त्यावर साडेचार फुटांची कडी बसणार कशी, असा पेच कारागिराला पडतो. त्याहून खाली कडी लावायची झाल्यास ती तलावाच्या बाजूला, वरच्या काठापासून किमान ३ इंच खाली हवी आणि तिच्या भोवती १८ इंचांत अर्ध्या इंचाहून मोठे भोक नको, म्हणजे तिथे पत्रा मारणे आले. त्यापेक्षा फाटक आणि त्याचे खांब सरळ पाच फुटी करावेत. बाकी कुंपण चार फुटी राहिले तरी चालते.

फाटकाला वीट लावून ते उघडे ठेवण्याची सवय मोडणे सर्वांत कठीण. पाहुणे आले, ताटे-पातेली ने-आण सुरू झाली की वीट येते. निदान फाटकाच्या दहा पावलांत वीट किंवा दगड राहू देऊ नये.

कुंपणाबाहेरचे तीन फूट

कुंपण पूर्ण झाल्यावर त्याच्या बाहेरून फेरी मारावी आणि तीन फुटांच्या आत काय काय आहे ते पाहावे. सोलापुरी अंगणात पाणी काही दिवसांआड येते म्हणून हौद असतो, प्लास्टिकचे पिंप असतात, धुण्याचा दगड असतो, खिडकीला टेकलेला कूलर आणि त्याचा लोखंडी स्टँड असतो, कडुलिंबाची खाली आलेली फांदी असते. यांतील प्रत्येक वस्तू कुंपणाची उंची कमी करते. दोन फुटी धुण्याच्या दगडावर उभे राहिलेल्या मुलाला चार फुटी कुंपण दोनच फुटांचे. खुर्च्या आणि सायकली हलवता येतात, हौद हलवता येत नाही. म्हणून कुंपणाची रेषाच हौदापासून तीन फूट दूर आखावी. जमल्यास त्या हौदालाही झाकण बसवून घ्यावे, कारण पाणी तेच आणि मूलही तेच. तलावाचा पंप कुंपणाच्या आत, पण कठड्याला न टेकता ठेवावा आणि त्याच्या वीजजोडणीला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) असावा.

तपासणी

काम संपल्याचे पैसे देण्याआधी प्लंबरकडून पीव्हीसी पाइपचा एक तुकडा मागून घ्यावा. ज्याला आपण चार इंची म्हणतो तो पाइप बाहेरून ११० मिलिमीटर भरतो, म्हणजे चार इंचांहून जास्त. तो अडला म्हणून फट योग्य आहे असे ठरत नाही. ९० मिलिमीटरचा तुकडा घ्यावा आणि तो गजांमधून, फाटकाच्या बाजूच्या फटीतून आणि तिरपा धरून कोपऱ्यांतून घालून पाहावा. कुठेही आत गेला तर तेवढा भाग दुरुस्त करून घ्यावा. नंतर फाटक पूर्ण उघडून, अर्धे उघडून आणि चार बोटे उघडून सोडावे. तिन्ही वेळा कडी पडल्याचा आवाज आला पाहिजे. चार बोटांच्या चाचणीत बहुतेक फाटके नापास होतात, कारण तेवढ्या अंतरात स्प्रिंगला वेग येत नाही. अशा वेळी स्प्रिंग घट्ट करून घ्यावी.

ही फाटकाची चाचणी हंगामात दर आठवड्याला करावी आणि मातीला भेगा पडू लागल्यावर तसेच पहिल्या मोठ्या पावसानंतर न चुकता करावी. तलावावर अंथरायचे बुडबुड्यांचे प्लास्टिक कचऱ्यासाठी ठीक आहे, पण ते अडथळा नव्हे; त्याच्यावर पडलेले मूल खाली जाते आणि वरून दिसतही नाही.

मृगाचा पाऊस सुरू झाला की बहुतेक घरे तलाव वापरणे बंद करतात, पण तो तसाच उभा ठेवतात. अशा तलावात पावसाचे पाणी पुन्हा साचते, डासांची अंडी होतात, आणि आता वापर नाही म्हणून फाटकाकडे कोणाचे लक्षही नसते. पाणी काढताना ते घराच्या पायाशी सोडू नये, काळी माती तिथे फुगते. पाणी संपल्यावर सांगाडा त्याच दिवशी उतरवावा, कापड वाळवून घडी करावे. ते होईपर्यंत फाटकाला कुलूप लावावे आणि किल्ली परसदाराच्या खिळ्यावर न टांगता घरातल्या कपाटात ठेवावी.